दिवे लागतात, इंजिन हलत नाही

छोट्या रेल्वेचा छंद: वाचकांचे प्रश्न आणि आमच्या ताईंची उत्तरं

या वेळच्या टपालात घरं वेगवेगळी आहेत, तक्रार बहुतेक एकच: डीसीसीवर इंजिन नीट चालत नाही. नव्या वाचकांसाठी आधी चार ओळी. जुन्या पद्धतीत कंट्रोलरची मूठ फिरवली की रुळांत शून्यापासून १२ व्होल्टपर्यंत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, यायची आणि वर उभं असेल ते इंजिन पळायचं. डीसीसीत, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळांत कायम १५ व्होल्टच्या आसपास वीज असते. ती सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते आणि ते उलटणं किती लवकर किंवा उशिरा होतं त्यातच हुकूम लिहिलेला असतो. इंजिनाच्या पोटातला डिकोडर आपल्या नंबराचा हुकूम तेवढा उचलतो आणि मोटरीला वीज सोडतो. त्यामुळे रुळांत वीज आहे म्हणजे इंजिन चालेलच, हा जुना हिशेब इथे लागू नाही.

पार्ल्याचं पत्र लांब आहे, त्याला उत्तरही लांब दिलंय. बाकीच्यांनी रुसू नये.

प्रश्न: ताई, स.न.वि.वि. मी बँकेतून निवृत्त झालेला, पार्ले पूर्वेला राहतो. माझ्याकडे एच.ओ. मापाचं (खऱ्याच्या ८७ पट लहान) एक जर्मन डिझेल इंजिन आहे. साध्या डीसीवर ते उत्तम चालायचं. उन्हाळ्यात मुलाने डीसीसीचा संच आणि आठ पिनांचा डिकोडर आणून दिला. इंजिनात सॉकेट होतंच, त्यातला डमी प्लग (डिकोडर नसताना वीज थेट मोटरीकडे नेणारा) काढून डिकोडर बसवला आणि नंबर ३ वर इंजिन छान चाललं. पावसाळ्याआधी त्याच्या गिअरमध्ये घरातलंच तेल सोडलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलं. दिवाळीत काढलं, तर एफ-शून्य (दिव्यांचं बटण) दाबल्यावर दिवे लागतात, दिशा बदलली की पुढचे विझून मागचे लागतात, पण इंजिन जागचं हलत नाही. रूळ इतक्यांदा पुसले की सौ. विचारते, चांदीचे झाले का? प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरमधले आकडे वाचायचा-लिहायचा वेगळा रूळ) सीव्ही, म्हणजे डिकोडरच्या स्मरणातले नंबर घातलेले खाने, प्रत्येकात एक आकडा, वाचायला गेलो तर पडद्यावर एरर. दुकानदार म्हणतो, डिकोडर गेला, नवा घ्या. घेऊ का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: घेऊ नका. निदान अजून तरी नाही. पार्लेकर, निदानाचा अर्धा रस्ता तुम्ही पत्रात स्वतःच चालून गेलात आणि मग दुकानदाराचं ऐकून मागे फिरलात.

दिव्यांपासून सुरू करू. एफ-शून्यला ते लागतात, म्हणजे रुळांतली वीज चाकांतून, पिकअपच्या (चाकांवर टेकून वीज घेणाऱ्या) पट्ट्यांतून, लाल आणि काळ्या वायरींतून डिकोडरपर्यंत पोचते आहे. डिकोडर जिवंत आहे, त्याचा नंबर ३ च आहे आणि तो तुमचं ऐकतो आहे. तेव्हा रूळ पुसणं आजपासून बंद. काही अडलं की आधी रूळ पुसायचे ही सवय वाईट नाही, पण जे इंजिन दिव्यांचा हुकूम चोख पाळतं त्याचं दुखणं रुळांत नाही. वहिनींना सांगा, चांदी पुरे झाली.

दुसरी खूण याहून मोलाची. दिशा बदलली की तुमचे दिवे अदलाबदल करतात. डीसीसीत दिशा आणि वेग एकाच हुकमात येतात. दिशा पोचली म्हणजे वेगही पोचला. त्यामुळे एक नेहमीचा संशयित सुटला, तो म्हणजे सीव्ही १९. दोन इंजिनं जोडून चालवायची असली की जोडीचा नंबर सीव्ही १९ मध्ये लिहितात. नंतर तो काढायचा राहिला, तर इंजिन मूळ नंबरावर दिवे लावतं पण वेगाचा हुकूम मानत नाही. तुम्ही नुसतं "दिवे लागतात, हलत नाही" एवढंच लिहिलं असतंत, तर मी आधी हाच खाना बघायला सांगितला असता.

प्लग उलटा बसलाय का, ही शंकाही काढून टाका. आठ पिनांचा प्लग उलटा घातला तर इंजिन चालतं आणि दिवे लागत नाहीत. तुमच्याकडे नेमकं त्याच्या उलट घडतंय.

आता तो एरर. डिकोडरला तोंड नाही. सीव्ही वाचताना कमांड स्टेशन, म्हणजे संचातला हुकूम पाठवणारा डबा, त्याला विचारतं, "या खान्यात अमुक आहे का?" आणि उत्तर होकारार्थी असेल तर डिकोडर मोटरीला एक चिमटा काढतो. क्षणभर, सहा मिलिसेकंद, तो निदान ६० मिलिअँपिअर जादा वीज खेचतो आणि कमांड स्टेशन ती उसळी ओळखतं. म्हणून वाचताना इंजिन किंचित दचकतं. ही उसळी बहुतेक डिकोडर मोटरीतूनच घेतात. मोटरीची वाट कुठे तुटली असेल तर डिकोडरला होकार देताच येत नाही आणि पडद्यावर एरर उमटतो. पुष्कळ जण हा एरर बघून डिकोडर मेला असं ठरवतात. मला तो एरर म्हणजे मोटरीची तक्रार वाटते.

इथे एक सावधगिरी. सीव्ही वाचायला एरर आला म्हणून काही जण रागाने लिहायला लागतात. एरर दिसला तरी लिहिलेलं आत गेलेलं असू शकतं, कारण लिहिण्यासाठी डिकोडरला होकार द्यावा लागत नाही. होकार फक्त कमांड स्टेशनच्या समाधानासाठी असतो. त्या भरात नंबर बदलून गेला की आज लागतात ते दिवेही लागणार नाहीत आणि आपण नव्याच रस्त्याला लागू. सीव्ही ८ मध्ये ८ लिहून डिकोडर मूळपदावर आणायचा उपाय तुम्हाला कुणीतरी सुचवणारच. बऱ्याच कंपन्यांच्या डिकोडरना तो लागू पडतो. माझं मत असं की तो सगळ्यात शेवटी करावा. रीसेट केल्याने बिघाडाचा पुरावाच पुसला जातो, आणि तुमच्या बाबतीत तर पुराव्याचं बोट दुसरीकडेच आहे.

तर हुकूम डिकोडरमध्ये पोचतोय आणि मोटरीत उतरत नाहीये. मधे तीनच जागा उरतात: डिकोडरचा मोटरीकडचा भाग, मोटरीला जाणाऱ्या नारिंगी आणि राखाडी वायरी त्यांच्या पिनांसकट, आणि मोटर. कारशेडच्या टेस्ट रूममध्ये आमचा एक शिरस्ता होता: नव्या जोडलेल्या भागावर आळ घेण्याआधी जुन्याची जबानी घ्यायची. इथे जुनी ती मोटर. शिवाय तुमचं ते तेल. "घरातलंच" म्हणजे कोणतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पार्ल्याच्या घरात ते खोबरेल असणार असं मी धरून चालते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण थिजणं हा लहान गुन्हा. मोठा गुन्हा असा की जास्त झालेलं कुठलंही तेल शाफ्टवरून सरकत मोटरीच्या कम्युटेटरवर जातं. कम्युटेटर हा तांब्याच्या पाकळ्यांचा गोल, त्यावर कार्बनचे दोन ब्रश टेकलेले. मधे तेलाचा पापुद्रा, वर कार्बनची पूड, आणि चार महिने इंजिन एकाच जागी उभं. ब्रश तिथे चिकटून बसला तर नवल नाही.

इंजिनाचं कवच काढा. डिकोडर हळूच उपटून बाजूला ठेवा आणि जुना डमी प्लग परत घाला (टाकून दिला नसेल अशी आशा करते). आता इंजिन जुन्या डीसी कंट्रोलरला जोडलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठेवा. डीसीसीच्या रुळांवर अजिबात नको. मूठ हळूहळू वाढवा. नाही हललं तर फ्लायव्हील (मोटरीच्या शाफ्टवरचं जड चाक) बोटाने एकदा टिचकी मारून फिरवा. टिचकीसरशी सुरू झालं आणि पुन्हा थांबलं, तर गुन्हेगार कम्युटेटर आणि ब्रश. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते ९९ टक्क्यांचं घ्या. कान साफ करायच्या काडीला लावून कम्युटेटर फिरवत फिरवत पुसा. पाकळ्यांमधल्या फटींतली काळी पूड लाकडी दातकोरण्याने काढा. सुई किंवा ब्लेड नको. ब्रशमागची स्प्रिंग त्याला दाबते आहे का तेही बघा. पुसल्यावर पूर्ण वाळू द्या, मगच वीज.

यानंतर तेल द्यायचं ते प्लास्टिकला चालणारं हलकं तेल, सुईच्या टोकावर मावेल तेवढं, आणि फक्त शाफ्टच्या बेअरिंगला. कम्युटेटरला कधीच नाही. गिअरला वेगळं ग्रीस मिळतं.

डमी प्लगवर इंजिन नीट चालू लागलं तरी लगेच डिकोडर घालू नका. मल्टीमीटर काढा. नसेल तर साधा घ्या, या छंदात तो इंजिनाहून जास्त उपयोगी पडतो. डमी प्लग काढून सॉकेट रिकामं करा. सॉकेटवर १ आकडा किंवा छोटी खूण असते तो पहिला खड्डा, नारिंगी वायरीचा. पाचवा राखाडीचा. या दोघांमध्ये मोटरीचा रोध दिसला पाहिजे. अशा मोटरींना तो साधारण दहा-बारापासून पन्नासएक ओहमपर्यंत येतो. फ्लायव्हील बोटाने फिरवताना आकडा नाचेल, नाचू दे. मध्येच अनंत झाला तर ब्रश अजून नीट टेकत नाही.

मग चार मोजमापं, ही सर्वांत महत्त्वाची. चौथा खड्डा डाव्या रुळाच्या पिकअपचा, आठवा उजव्याचा. एक आणि चार, एक आणि आठ, पाच आणि चार, पाच आणि आठ, या चारही जोड्यांत मीटरने काहीही दाखवता कामा नये. कुठे आकडा आला तर मोटरीची एखादी बाजू चासीला किंवा पिकअपला टेकते आहे. वायर कवचाखाली चेपून सोललेली असते, नाहीतर स्क्रू आत जाऊन टेकलेला असतो. साध्या डीसीवर या टेकण्याने काही बिघडत नाही. डीसीसीवर मात्र रुळांतली सगळी वीज उलट दिशेने डिकोडरच्या मोटरीकडच्या ट्रान्झिस्टरांत शिरते आणि ते जळतात. दिव्यांचा भाग वेगळा असल्यामुळे तो शाबूत राहतो. म्हणजे तुमची लक्षणं अशीही येऊ शकतात. हे न तपासता नवा डिकोडर घातला तर तोही जाईल, आणि दुकानदार तिसरा विकेल.

चारही मोजमापं स्वच्छ आली, मोटर डीसीवर फिरली, की डिकोडरच्या पिना भिंगाखाली बघा. नारिंगीची पिन वाकून बाजूला मुडपलेली सापडते, किंवा वायर आवरणाच्या आत तुटलेली असते, बाहेरून साबूत दिसते. सगळं ठीक असेल तर डिकोडर परत घाला आणि सर्वांत आधी सीव्ही ८ वाचून बघा. त्यात डिकोडर बनवणाऱ्याचा ठरलेला क्रमांक असतो. तो वाचता आला म्हणजे मोटरीची वाट जोडली गेली. वाचता आला नाही तर तोच डिकोडर आठ पिनांच्या दुसऱ्या चालत्या इंजिनात घालून बघा. तिथेही दिवे लागले आणि चाकं हलली नाहीत, तर दुकानदार बरोबर होता, आणि त्याला तसं जरूर सांगा.

नवा घ्यायची वेळ आलीच तर मोटर अडवून धरली असता किती वीज खाते ते मोजून जा: डीसीवर १२ व्होल्ट, मालिकेत मीटर, चाकं बोटाने क्षणभर रोखायची. एच.ओ.चे डिकोडर साधारण एक अँपिअर सोसतात. जुन्या उघड्या चौकटीच्या मोटरी अडल्या की त्याहून जास्त ओढतात.

प्रश्न: मी सहावीत आहे. माझ्याकडे दोन डीसीसी इंजिनं आहेत. एक चालवलं की दुसरं पण पळतं. बाबांनी एकाचा नंबर बदलला तर दोघांचा बदलला. मला एकाला खऱ्या इंजिनासारखा ३०२०१ नंबर द्यायचा आहे, तो पण घेत नाही.
— एक वाचक, लालबाग

उत्तर: अरे, दोन्ही इंजिनं शहाणी आहेत. नवा डिकोडर पेटीतून निघतो तेव्हा त्याचा नंबर ३ असतो, कंपनी कुठलीही असो. म्हणून तीनला हाक मारलीस की दोघं धावतात. बाबांनी नंबर बदलला तेव्हा दोन्ही इंजिनं रुळांवरच उभी होती, म्हणून दोघांनी नवा नंबर लिहून घेतला. एक इंजिन रुळांवरून उचलून पूर्ण बाजूला ठेव. दुसरं एकटंच प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवून नंबर दे, मग पहिलं परत आण.

लहान नंबर १ ते १२७ असतात. मोठा नंबर डीसीसीत जास्तीत जास्त १०२३९ पर्यंत जातो आणि बरेच संच ९९९९ लाच थांबतात. आपल्या रेल्वेचे पाच आकडी नंबर त्यात मावत नाहीत. ३०२०१ मधले शेवटचे तीन घे, २०१. हाही १२७ च्या वरचा, म्हणून संचात "मोठा नंबर" असा पर्याय निवड. सीव्ही १७, १८ आणि २९ मधले आकडे संच स्वतः लिहितो. कागदावर कुठल्या इंजिनाला कुठला नंबर दिला ते लिहून पेटीच्या झाकणाला चिकटव.

प्रश्न: चोर बाजारात मटण स्ट्रीटवर एक जुनं मार्क्लिनचं (जर्मन कंपनी) इंजिन मिळालं. जड, धातूचं, सुंदर. माझ्या दोन रुळांच्या डीसीसीवर ठेवल्याबरोबर कमांड स्टेशन शॉर्ट दाखवून बंद होतं. डिकोडर बसवला तर चालेल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर: चालणार नाही. उलटं करून पोटाकडे बघा, मधोमध एक लांब धातूची पट्टी आहे ना? मार्क्लिनच्या एच.ओ. पद्धतीत वीज रुळांच्या मधल्या खुंट्यांवरून त्या पट्टीने घेतात, आणि दोन्ही रूळ मिळून परतीची वाट होते. त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांमध्ये इन्सुलेशन ठेवायची त्यांना गरजच पडली नाही. तुमच्या रुळांवर ते इंजिन म्हणजे दोन रुळांवर ठेवलेली लोखंडी कांब. बदलायचं तर सगळी चाकं बदलावी लागतील. मी असते तर मार्क्लिनच्या रुळांचे चार तुकडे शोधले असते. आणि कृपा करून त्याला रंग देऊ नका.

प्रश्न: घरची वीज जाऊन आली, किंवा संच चालू केला, की माझं डीसीसी इंजिन कधी कधी हुकमाशिवाय सुसाट सुटतं. एकदा टेबलावरून खाली येता येता राहिलं.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: पश्चिम रेल्वेवर विरारपर्यंत १५०० व्होल्ट डीसी आणि पुढे २५ हजार व्होल्ट एसी असा कारभार होता. २०१२ मध्ये डीसी गेली. त्या काळी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिनं दोन्हींवर चालायची, आणि बदल करताना वर कुठली वीज आहे हे नीट ठरवणं हा सगळा खेळ होता. तुमच्या डिकोडरलाही डीसीसी आणि साधी डीसी दोन्ही चालतं, आणि त्याचं ठरवणं चुकतंय. चालू होताना क्षणभर डिजिटल सिग्नल नीट मिळाला नाही की तो समजतो, आपण जुन्या डीसी रुळांवर आहोत आणि मूठ पूर्ण फिरवलेली आहे.

डीसीची परवानगी काढून घ्या. सीव्ही २९ वाचा. ६ असेल तर २ लिहा, ३८ असेल तर ३४ लिहा. चार वजा करणं एवढाच त्यातला मंत्र. अर्थात आकड्यात ते चार असतील तरच. यानंतर हे इंजिन साध्या डीसीवर चालणार नाही. मित्राकडे नेऊन ते हललं नाही तर डिकोडर गेला असं समजू नका. आणि टेबलाच्या कडेला दोन बोटं उंचीची पट्टी ठोका, ती आजच.

प्रश्न: वरळीला समुद्रासमोर राहतो. गॅलरीजवळ बारा फुटांचा लेआउट (रुळांची मांडणी) आहे, वीज एका टोकाला जोडलेली. पावसाळ्यानंतर दूरच्या टोकाला प्रत्येक इंजिन अडखळतं, थांबतं, दिवा मिचकावतं, पुन्हा सुरू होतं. तेच इंजिन साध्या डीसीवर धक्के खात का होईना, पण जातं. मग दोष डीसीसीचाच ना?
— एक वाचक, वरळी

उत्तर: दोष खाऱ्या हवेचा आणि वायरिंगचा, डीसीसी फक्त तो उघड करतं. साध्या डीसीवर वीज क्षणभर तुटली तर फ्लायव्हील इंजिनाला पुढे ढकलून नेतं. डिकोडर मात्र वीज तुटली की विझतो, परत आल्यावर पहिल्यापासून जागा होतो, हुकमाची वाट बघतो, आणि तोवर इंजिन थांबलेलं असतं.

दूरच्या टोकाला जाऊन एक रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाका. कमांड स्टेशनने ताबडतोब शॉर्ट ओळखून वीज तोडली पाहिजे. तोडली, तर त्या टोकाचं वायरिंग ठीक आहे आणि फक्त रूळ व चाकं पुसा. तोडली नाही, तर नाणं लगेच उचला. मधल्या सांध्यांनी इतकी वीज खाल्ली आहे की शॉर्टची बातमी कमांड स्टेशनपर्यंत जातच नाही. हे अडखळण्यापेक्षा वाईट. उद्या एखादं इंजिन तिथे घसरून आडवं झालं तर सगळी वीज त्याच्या पिकअपच्या पट्ट्यांतून जात राहील आणि प्लास्टिक वितळेल.

तुमच्याकडे नाणं टाकून वीज तुटणार नाही असा माझा अंदाज आहे. रूळ निकेल सिल्व्हरचे असले तरी त्यांना जोडणाऱ्या फिशप्लेट वरळीच्या हवेत आतून काळ्या पडतात आणि सैल होतात. बारा फुटांत असे किती सांधे आले ते मोजा. वीज सांध्यांच्या भरवशावर नेऊच नये. लोहार चाळीतून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लाल आणि काळी लवचीक वायर आणा, लेआउटच्या खालून टोकापर्यंत न्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक वायरीने वर जोड द्या, सोल्डर करून. लाल कायम एकाच रुळाला. काम कंटाळवाणं आहे, खाली पाठीवर झोपून करायचं आहे, पण एकदाच करायचं आहे.

जुना डीसीचा वीज जोडायचा रुळाचा तुकडा अजून वापरत असाल तर तोही तपासा. काही कंपन्यांच्या त्या तुकड्यात रेडिओची खरखर मारायला कपॅसिटर बसवलेला असतो. डीसीला तो चालतो, डीसीसीचा सिग्नल मात्र बिघडवतो. तो काढा किंवा तुकडाच बदला.

मीटरने व्होल्ट मोजणार असाल तर एसीवर ठेवा. साध्या मीटरला ही चौकोनी लहर नीट मोजता येत नाही, म्हणून आकडा खरा मानू नका. जवळचं टोक आणि दूरचं टोक यांत, इंजिन चालू असताना, फरक किती पडतो तेवढाच बघा.

पुसायला तेच आयसोप्रोपिल. सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत काजळी पुन्हा लवकर बसते. डिकोडरला जोडायचा वीज साठवणारा छोटा कपॅसिटर मिळतो, त्याने अडखळणं झाकलं जातं. आधी वायरिंग, मग हवा असेल तर तो. तो लावल्यावर काही संचांवर सीव्ही वाचताना एरर येतो, तेव्हा घाबरू नका.

प्रश्न: डिकोडर नसलेलं जुनं इंजिन डीसीसीच्या रुळांवर ठेवलं तर नुसतं गुणगुणतं. ठेवून दिलं तर चालतं का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: उचला. ती गुणगुण म्हणजे मोटर सेकंदाला हजारो वेळा पुढे-मागे ढकलली जाते आहे आणि जागच्या जागी तापते आहे. काही संचांत नंबर शून्यावर असं एक इंजिन चालवायची सोय असते, पण चालू असतानाही ते तापतं आणि उभं असताना तर जास्तच. मोटर कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) असेल तर ती थोड्या वेळात जळते.

प्रश्न: भाच्याने अमेरिकेतून डीसीसीचा जुना संच पाठवलाय. त्याच्या ट्रान्सफॉर्मरला आपली पिन बसत नाही, म्हणून प्लगचा अडॅप्टर आणलाय. लावू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी ट्रान्सफॉर्मरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर खुशाल लावा. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर लावू नका. तो अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, आपले २३० व्होल्ट तसेच आत सोडतो. मग लॅमिंग्टन रोडहून २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेल्या वॉटपेक्षा दीडपट ताकदीचा. किंवा कमांड स्टेशनच्या पाठीवर त्याला आत काय लागतं ते बघा, किती व्होल्ट, किती अँपिअर, एसी की डीसी. डीसी चालत असेल तर तेवढ्याच मापाचा इथला पॉवर सप्लाय स्वस्त पडतो. पिनेचं प्लस-मायनस जुळतंय ना, एवढं दुकानातच तपासून घ्या.